लिनक्स टाकायचंय, पण कुठलं? डेस्कटॉप आणि सर्व्हरसाठी पायरीपायरीने

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून एकच प्रश्न सारखा कानावर येतोय, लॅपटॉप तर मस्त चालतोय पण विंडोज ११ घेत नाही, मग लिनक्स टाकू का आणि टाकायचं तर कुठलं? विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, त्यामुळे २०१५-१६ सालचे धडधाकट आय-५ लॅपटॉप एका फटक्यात बाद ठरले. ते भंगारात देऊ नका, अजून कित्येक वर्षं काम देतील.

पण "बेस्ट डिस्ट्रो कुठलं" असं विचारलंत (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा तयार संच) की दहा जण दहा नावं सांगतात, कारण प्रत्येकजण स्वतःच्या कामाला जे जमलं ते सांगतो. माझं मत असं की आधी आपलं काम बघायचं, मग आपलं मशीन, मग त्या सिस्टिमला अपडेट किती वर्षं मिळणार ते, आणि दिसायला कशी आहे हे अगदी शेवटी. या क्रमाने गेलात तर यादीत दोन-तीनच नावं उरतात.

थोडंसं घराणं समजून घ्या म्हणजे नावांचा गोंधळ होणार नाही. १९६९ ला बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली. त्याच्याच वळणाने पुढे दोन मोठ्या शाखा आल्या, एक बर्कली विद्यापीठातून निघालेली बीएसडी (फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी) आणि दुसरी १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेलं लिनक्स. लिनक्स म्हणजे खरं तर फक्त कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा, त्याच्यावर जीएनयू या प्रकल्पाची टूल्स, पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारं टूल), डेस्कटॉप हे सगळं बसवून जे तयार मिळतं ते डिस्ट्रो. बास, एवढं पुरे.

पायरी १: काम कागदावर लिहा

रोज कुठली सॉफ्टवेअर उघडता ती लिहा, एकही सोडू नका. ब्राउझर, व्हिडिओ, ईमेल, साधं ऑफिसचं काम, प्रोग्रामिंग, फोटो, हे सगळं लिनक्सवर बिनधास्त होतं. अडतं ते ठरावीक ठिकाणी. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, त्यामुळे अकाउंटचं काम असेल तर त्या मशीनवर विंडोज ठेवाच किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा. डीटीपीवाल्यांचं श्रीलिपी, फोटोशॉप, कोरलड्रॉ यावर पोट असेल तर तेच. ई-टेंडर किंवा रिटर्न भरायला डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर ज्याच्याकडून घेतलंय त्याला आधी विचारा की लिनक्सचा ड्रायव्हर देता का, इन्स्टॉल झाल्यावर विचारून उपयोग नाही. पोरं गेम खेळत असतील तर स्टीमवरचे बरेच गेम प्रोटॉनमुळे (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं टूल) चालतात पण व्हॅलोरंट चालत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रिंटर हा विषय लोक हमखास विसरतात. एचपीचे बहुतेक प्रिंटर आणि एप्सनचे इंक टँकवाले सहज जोडले जातात. पण आपल्याकडे दुकानं, ऑफिसं, झेरॉक्स सेंटर सगळीकडे जो दिसतो तो कॅननचा एलबीपी २९०० वेगळ्याच भाषेत बोलतो, त्याला कॅप्ट म्हणतात, आणि त्याचा सेटअप नवख्या माणसासाठी किचकट आहे. तो तुमच्याकडे असेल आणि रोज प्रिंट काढायच्या असतील तर तो एखाद्या विंडोज मशीनलाच राहू द्या.

यादीत एखादं काम असं निघालं की ते लिनक्सवर होतच नाही, तर निराश होऊ नका, ड्युअल बूट करा, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवा. पण हे आधी कळलं पाहिजे.

पायरी २: मशीन बघा

तीन गोष्टी बघायच्या: प्रोसेसर किती जुना, रॅम किती, आणि वायफाय व ग्राफिक्सची चिप कुठली. प्रोसेसर ६४ बिट असला पाहिजे. ३२ बिटवाल्या मशीनचे दिवस आता भरलेत, उबंटूने २०१७ लाच ३२ बिट डेस्कटॉप इमेज बंद केली आणि डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. रॅम ४ जीबी असेल तर हलका डेस्कटॉप घ्या म्हणजे एक्सएफसीई किंवा माटे, ८ जीबी किंवा जास्त असेल तर सिनॅमन, नोम, केडीई काहीही चालेल. आणि हार्ड डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर कुठलंही डिस्ट्रो टाकण्याआधी एसएसडी टाका, खरंच सांगतो, जुन्या लॅपटॉपला जो फरक एसएसडीने पडतो तो डिस्ट्रो बदलून कधीच पडत नाही.

एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ज्या डिस्ट्रोत ड्रायव्हर टाकायला वेगळी खिडकी आहे तेच घ्या, मिंट आणि उबंटूत ती आहे. ब्रॉडकॉमचं जुनं वायफाय असेल तर इन्स्टॉल करताना मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे ड्रायव्हर उतरवायला नेट मिळतं.

पायरी ३: अपडेट किती वर्षं मिळणार

इथे जरा थांबा, कारण नवीन माणूस सगळ्यात कमी लक्ष इथेच देतो. स्क्रीनशॉट बघून डिस्ट्रो घेतलं जातं आणि वर्षाने कळतं की सिक्युरिटी अपडेट बंद झालेत.

उबंटूचं एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे लांब मुदतीचं) व्हर्जन दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतं, सम वर्षात, आणि त्याला ५ वर्षं अपडेट मिळतात. मधली जी व्हर्जन येतात, ज्यावर एलटीएस लिहिलेलं नसतं, त्यांना फक्त ९ महिने. दोन्ही फुकट, दोन्ही उबंटूच, पण फरक एवढा मोठा, त्यामुळे डाउनलोड करताना ती तीन अक्षरं दिसतायत का ते नीट बघा. घरगुती वापरासाठी उबंटू प्रो ५ मशीनपर्यंत फुकट घेता येतं आणि त्याने मुदत १० वर्षांवर जाते. डेबियनचं स्टेबल व्हर्जन साधारण दोन वर्षांनी येतं, ३ वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढे २ वर्षं एलटीएसचा, म्हणजे ऑगस्ट २०२५ ला आलेलं डेबियन १३ घेतलंत की २०३० पर्यंत निवांत. मिंट २२ उबंटू २४.०४ वर उभं आहे, ते २०२९ पर्यंत जातं. फेडोरा साधारण १३ महिने, म्हणजे वर्षातून एकदा अपग्रेड करावंच लागतं. आर्च आणि ओपनसुसे टम्बलवीड हे रोलिंग, व्हर्जन नावाचा प्रकारच नाही, सतत नवीन येत राहतं आणि सतत लक्ष ठेवावं लागतं.

मुदतीसोबत हेही बघा की ती मुदत देणारा कोण आहे. सेंटओएसचं उदाहरण प्रत्येक नवख्याने लक्षात ठेवावं. रेड हॅटच्या लिनक्ससारखंच हुबेहूब पण फुकट, म्हणून जगभरातले सर्व्हर त्याच्यावर होते. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असं लोक धरून चालले होते आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते २०२१ च्या अखेरीसच बंद. एका वर्षात सगळ्यांना सर्व्हर हलवावे लागले. त्यातूनच पुढे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स जन्माला आले, दोन्ही २०२१ मध्ये. म्हणून मी तरी एका कंपनीच्या मर्जीवर नसलेल्या प्रोजेक्टला झुकतं माप देतो, आणि त्यात डेबियनसारखं दुसरं नाही, १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलंय, स्वतःची घटना आहे, निवडणूक होऊन प्रमुख ठरतो.

पायरी ४: डेस्कटॉपसाठी निवड

पहिल्यांदाच लिनक्स टाकताय, विंडोजची सवय आहे, घरातले बाकीचे लोकही तेच मशीन वापरणार, तर लिनक्स मिंट घ्या, सिनॅमन एडिशन, आणि मशीन अशक्त असेल तर एक्सएफसीई एडिशन. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, सगळं जागच्या जागी, आईबाबांना वेगळं शिकवावं लागत नाही. त्यात टाइमशिफ्ट नावाचं टूल येतं, ते पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा, अपडेटने काही बिघडलं तर आदल्या दिवशीच्या स्थितीला परत जाता येतं.

ऑफिस किंवा कॉलेजात सगळे उबंटूवर असतील तर उबंटू एलटीएस घ्या, कारण अडलं की शेजारी विचारायला माणूस आहे. ही गोष्ट छोटी वाटते पण कुठल्याही फीचरपेक्षा जास्त कामाची आहे. अगदी नवीन लॅपटॉप असेल, यंदाच बाजारात आलेला प्रोसेसर, तर फेडोरा बघा, कर्नल नवा असतो म्हणून नवीन हार्डवेअर लवकर ओळखतो. डेबियन डेस्कटॉपवरही छान चालतं, फक्त सॉफ्टवेअरची व्हर्जन थोडी जुनी असतात आणि ज्याला "एकदा बसवलं की हात लावायचा नाही" असं हवंय त्याला हेच आवडतं.

आर्च पहिल्या दिवशी घेऊ नका. वाईट आहे म्हणून नाही, आर्चचं विकी तर कुठलंही डिस्ट्रो वापरत असलात तरी वाचत जा, त्याच्या तोडीचं डॉक्युमेंटेशन क्वचित सापडतं. पण ते बसवताना प्रत्येक निर्णय तुम्हालाच घ्यायचा असतो आणि कशाला काय म्हणतात हेच माहीत नसताना ते निर्णय घेता येत नाहीत. सहा महिने मिंटवर काढा, मग जा.

पायरी ५: पेनड्राइव्हवरून चालवून बघा

८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा. अधिकृत साइटवरूनच आयएसओ (डिस्ट्रोची इन्स्टॉल करायची फाइल) उतरवा, तिथे दिलेला चेकसम, म्हणजे फाइल नीट उतरली का ते तपासायचा आकडा, जुळवून बघा, आणि विंडोजमधून रुफस किंवा व्हेंटॉयने पेनड्राइव्ह तयार करा. व्हेंटॉयचा फायदा असा की एकाच पेनड्राइव्हवर दोन-तीन आयएसओ नुसते कॉपी करून ठेवता येतात आणि चालू करताना कुठलं हवं ते निवडता येतं. मग लॅपटॉप रिस्टार्ट करून बूट मेनू उघडा, कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा एस्केप बटण असतं.

आता काहीही इन्स्टॉल न करता लिनक्स समोर उघडेल. नुसतं वॉलपेपर बघून बंद करू नका, निवांत तासभर बसा. वायफाय जोडा आणि एक व्हिडिओ लावा, आवाज स्पीकरमधून येतोय का, हेडफोन घातला की तिकडे जातोय का, ब्राइटनेसची बटणं चालतायत का, कॅमेरा दिसतोय का, ब्लूटूथ सापडतंय का. मग लॅपटॉपचं झाकण बंद करा, पाच मिनिटांनी उघडा, स्क्रीन परत आली आणि वायफाय परत जोडलं गेलं तर अर्धी लढाई जिंकलात, कारण झोपेतून उठणं हीच जुन्या लॅपटॉपची दुखरी नस असते. टीव्ही किंवा प्रोजेक्टरला एचडीएमआयने जोडून बघा.

आणि मराठी टाइप करून बघाच. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना मराठीचे दोन प्रकार दिसतील, एनहान्स्ड इनस्क्रिप्ट आणि कागपा. इनस्क्रिप्ट येत असेल तर पहिला घ्या आणि "दुसऱ्या", "ऱ्हस्व", "ॲप" हे तीन शब्द लिहा. "दुसऱ्या" मधला तो अर्धा र येण्यासाठी शिफ्ट धरून इंग्रजी J चं बटण दाबायचं, मग D दाबून हलन्त द्यायचा आणि मग य. साधा र घेतलात तर "दुसर्या" असा रफार चढतो आणि चुकीचं उमटतं, हा दोष फॉन्टचा नसतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस किंवा एफसिटिक्स या टायपिंगच्या टूलमध्ये एम१७एनचं पॅकेज टाका, त्यात मराठी आयट्रान्स आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. जोडाक्षरं तुटलेली दिसत असतील तर नोटो सान्स देवनागरी, लोहित किंवा मुक्त हे फॉन्ट टाका, तिन्ही फुकट आहेत. जुन्या श्रीलिपीत किंवा तशाच फॉन्टमध्ये केलेल्या फाइल मात्र लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या की अगम्य अक्षरं दिसतील, कारण त्या युनिकोड नाहीतच, त्या विंडोज असेपर्यंतच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

पायरी ६: इन्स्टॉल

सगळ्यात आधी बॅकअप, बाहेरच्या डिस्कवर, आणि बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघायची. मग विंडोज ठेवायचं असेल तर या गोष्टी:

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) काही बदललं की विंडोज तीच मागतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शटडाउन केलं तरी ते अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा, निदान ६० जीबी मोकळी ठेवा. इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज आरएसटी किंवा रेडवर आहे का बघा, ते एएचसीआय करावं लागतं, पण सरळ बदललं तर विंडोज चालू होणार नाही, आधी विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल असं सेट करून मग बदला.

इन्स्टॉलर विचारेल की विंडोजच्या शेजारी बसवू की सगळी डिस्क पुसू, तिथे घाई नको, दोनदा वाचा. फाइल सिस्टिम एक्सटी४ राहू द्या. लॅपटॉप घेऊन फिरत असाल तर डिस्क एन्क्रिप्शन घ्या.

दोन्ही सिस्टिम वापरायला लागलात की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. घाबरू नका, मदरबोर्डवर लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं, आपण यूटीसीच्या बरोबर साडेपाच तास पुढे म्हणून तेवढाच फरक. लिनक्सला हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेत ठेवायला सांगितलं की मिटलं.

पायरी ७: सर्व्हरसाठी निवड

इथे नियम पूर्ण बदलतो. जे सॉफ्टवेअर चालवायचंय त्याचं इन्स्टॉलेशनचं पान उघडा आणि त्यांनी कुठल्या सिस्टिमवर तपासलंय ते बघा, तीच घ्या. ग्रंथालयासाठी कोहा बसवताय तर त्यांची पॅकेजेस डेबियन आणि उबंटूसाठी येतात, विषय संपला. मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट (धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायचंय तर उबंटू एलटीएस किंवा डेबियन. सीपॅनल (वेबसाइट सांभाळायचं पॅनल) हवंय तर अल्मालिनक्स, तिथे डेबियन चालत नाही. एखाद्या कंपनीचं महागडं सॉफ्टवेअर असेल आणि ते रेड हॅटच मागत असतील तर रेड हॅट किंवा त्यांना चालत असेल तर रॉकी, अल्मा. या तिघांच्याही ९ नंबरच्या व्हर्जनला २०३२ पर्यंत अपडेट आहेत.

असं काहीच बंधन नसेल, साधी वेबसाइट, डेटाबेस, फाइल सर्व्हर, तर डेबियन स्टेबल घ्या. ग्राफिकल डेस्कटॉप टाकू नका, सर्व्हरवर त्याचा उपयोग नाही आणि रॅम फुकट जाते, नुसतं डेबियन ५१२ एमबीच्या छोट्या व्हीपीएसवरही (भाड्याने मिळणारा व्हर्च्युअल सर्व्हर) उभं राहतं. अल्पाइन लिनक्स कंटेनरच्या (सॉफ्टवेअर वेगळं बंदिस्त चालवायचा डबा) आत उत्तम, इमेज ५ एमबीच्या आसपास, पण त्यात नेहमीच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीऐवजी मसल नावाची असते म्हणून काही तयार सॉफ्टवेअर चालत नाहीत, मुख्य सर्व्हर म्हणून नवख्याने घेऊ नये.

बीएसडीचं काय? डेस्कटॉपवर नवख्याला मी सुचवणार नाही, लॅपटॉपचं वायफाय वगैरे लिनक्सच्या मानाने मागे आहे. पण सर्व्हरवर फ्रीबीएसडी फार भक्कम आहे, कर्नल आणि बाकीची सिस्टिम एकाच ठिकाणी एकत्र बनते म्हणून सगळं सुसंगत वाटतं, आणि त्याचं हँडबुक वाचून माणूस स्वतःच शिकू शकतो. नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवरच चालवतं. घरी किंवा ऑफिसात भरपूर डिस्क लावून स्टोरेज करायचं असेल आणि झेडएफएस ही फाइल सिस्टिम हवी असेल, किंवा जेल्स (सिस्टिममधले बंदिस्त कप्पे) वापरून सर्व्हिसेस वेगळ्या ठेवायच्या असतील तर नक्की बघा. फायरवॉलसाठी ओपनबीएसडी, दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायला आपण सगळे रोज जे ओपनएसएसएच वापरतो ते त्याच लोकांनी केलंय.

पायरी ८: सर्व्हरचा पहिला तास

व्हीपीएस घेताना युजर इथलेच असतील तर मुंबईचं डेटा सेंटर निवडा, पान पटकन उघडतं. सर्व्हर चालू झाला की काही मिनिटांतच कुणीतरी अनोळखी ठिकाणाहून रूट (सगळे अधिकार असलेला मुख्य युजर), ॲडमिन, टेस्ट अशी नावं टाकून घुसायचा प्रयत्न करत असतं, लॉग उघडलात तर स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. तुमच्यावर डोळा ठेवून कुणी करत नाही, इंटरनेटवरच्या प्रत्येक पत्त्यावर हे चालूच असतं. त्यामुळे वेबसाइट चढवायच्या आधी एवढं करा.

आधी सगळे अपडेट घ्या. मग स्वतःच्या नावाचा युजर करा आणि त्याला सुडो, म्हणजे गरजेपुरते रूटचे अधिकार, द्या. आपल्या लॅपटॉपवर एसएसएच की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ल्यांची जोडी) बनवा, त्यातली पब्लिक की सर्व्हरवर टाका आणि त्या कीने लॉगिन होतंय याची खात्री करा. त्यानंतरच पासवर्डने लॉगिन आणि रूटचं थेट लॉगिन बंद करा, आणि हे करताना आधीची खिडकी उघडीच ठेवा, दुसऱ्या नव्या खिडकीतून आत जाता आलं की मगच पहिली बंद करायची. फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्या, मग वेबसाइटच्या ८० आणि ४४३ या पोर्टना, बाकी सगळं बंद. डेटाबेसचा पोर्ट बाहेर उघडा ठेवायचं काहीच कारण नसतं. सिक्युरिटी अपडेट आपोआप बसतील असं लावून ठेवा, डेबियन आणि उबंटूत त्यासाठी अनअटेंडेड अपग्रेड्स नावाचं पॅकेज आहे. अल्मा, रॉकीवर एसईलिनक्स (कुठला प्रोग्राम कुठल्या फाइलला हात लावेल ते ठरवणारी सुरक्षा) आडवं आलं की "बंद करून टाका" असा सल्ला पहिल्या पाच मिनिटांत मिळतो, तो ऐकू नका, बहुतेक वेळा फाइलला चुकीचं लेबल लागलेलं असतं आणि ते दुरुस्त केलं की काम होतं.

शेवटी बॅकअप, आणि तो त्याच सर्व्हरवर नको, दुसऱ्या ठिकाणी हवा. डेटाबेसचा डंप आणि फाइल रोज रात्री बाहेर जातील असं क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारं टूल) लावा. आठवड्याने एक स्वस्तातला दुसरा व्हीपीएस तासाभरासाठी घ्या, त्यावर तो बॅकअप चढवून साइट उघडते का बघा, ज्या कमांड लागल्या त्या एका फाइलमध्ये लिहून ठेवा आणि मग तो व्हीपीएस डिलीट करा.